दवाखान्यात पेशंटचं म्हणणं कसं काढून घ्यायचं (छोट्या क्लिनिकवाल्यांसाठी, खास सोलापूरकरांना)

फीडबॅक घ्यायचा म्हटलं की पहिल्यांदा काउंटरवर एक पेटी येते. तिला बारकं कुलूप, शेजारी दोरीला बांधलेला पेन, आणि काही महिन्यांनी उघडली तर आत चॉकलेटचे कागद आणि कुणाची तरी लाइट बिलाची पावती. पेटी ठेवूच नका असं नाही म्हणत, पण कंपाउंडरच्या नाकासमोर उभं राहून कंपाउंडरबद्दल कोण लिहिणारे सांगा? त्यात आपलं सोलापूर. अशोक चौक, दत्त नगर, साखर पेठ या पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोट रोडनं येणारे कन्नड बोलणारे, उर्दू बोलणारेही भरपूर, आणि त्या सगळ्यांच्या हातात आपण मराठीत छापलेला दहा प्रश्नांचा फॉर्म देणार. चष्मा घरी राहिलाय म्हणून तो तसाच परत येतो.

म्हणून तोंडी विचारा, आणि डॉक्टरांनी स्वतः विचारू नका, रिसेप्शनवालीनं पण नको. गल्लीतली कॉलेजला जाणारी पोरगी, नर्सिंगची स्टुडंट, रिटायर झालेल्या बाई, असं कुणीतरी दवाखान्याच्या पगारावर नसलेलं बघा. तेलुगू किंवा कन्नड येत असेल तर सोन्याहून पिवळं. जागा दवाखान्याच्या बाहेरची, मेडिकलपाशी माणूस औषध निघेपर्यंत उभा असतो तिथली. तिथं लोक बोलतात.

आता विचारायचं काय. "सर्व्हिस कशी वाटली" हे तर अजिबात नको, त्याला एकच उत्तर येतं, "चांगलंय की". दवाखाना बरा नसला तरी हेच येतं कारण उद्या परत त्याच डॉक्टरकडं जायचंय ना. मत विचारू नका, आज काय झालं ते विचारा. कितीला आलात, आत कितीला गेलात, डॉक्टर काय म्हणाले, या गोळ्या कशा घ्यायच्यात, आणि विचारायचं राहिलं असं काही आहे का. बस, एवढंच.

यातला गोळ्यांचा प्रश्न माझ्या मते सगळ्यात कामाचा. विड्या वळणाऱ्या एक अक्का बाहेर आल्या, दवाखाना कसाय म्हटल्यावर "लई चांगलं, डॉक्टरसाहेब देवमाणूस." मग गोळ्यांचं विचारलं तर पिशवीतनं तीन पाकिटं काढली, त्यातल्या दोन गोळ्या पांढऱ्या आणि दिसायला सेम टू सेम, त्या हातात उलटसुलट करत "ही सकाळची असंल... नाहीतर ती." डॉक्टरांना परत का नाही विचारलं म्हटल्यावर खरी गोष्ट निघाली, "माझ्या मागंच दुसरा पेशंट हुबा होता की, त्याच्यासमोर काय बोलायचं." एका उत्तरात दोन तक्रारी, आणि ती बाई फॉर्मवर पाच स्टार देऊन गेली असती. दोन्हीवर उपाय फुकटचे आहेत: आत एका वेळी एकच पेशंट आणि दार लोटलेलं, आणि पाकिटावर पेननं सकाळला सूर्य, रात्रीला चंद्र काढायचा.

काही गोष्टी तर विचारायचीसुद्धा गरज नाही. केस पेपरच्या कोपऱ्यात आल्याची वेळ आणि आत गेल्याची वेळ आठवडाभर लिहून ठेवा, कोणत्या वारी कोणत्या तासाला गाडी अडकते ते आपोआप दिसतं. बऱ्याचदा कारण पेशंटची गर्दी नसतंच. डॉक्टर दुसरीकडं ॲडमिट पेशंट बघायला गेलेले असतात, नाहीतर मध्येच बॅग घेऊन एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, आत शिरतात, आणि बाकावर ताप आलेलं पोरगं मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला हे जेवढं लागतं तेवढं फीचं पण लागत नाही. एमआरला दुपारची ठरावीक वेळ देऊन टाका, दारावर पाटी लावा. विडीवाल्या बायकांना कारखान्यात माल द्यायचा असतो, यंत्रमागावरच्यांची पाळी असते, तेव्हा फोनवर नंबर लावायची सोय आणि "आता कितवा नंबर चालूय" हे सांगणारं कुणीतरी, एवढ्यानं अर्धी चिडचिड कमी होते.

तीसेक लोकांशी बोलणं झालं की तेच तेच यायला लागतं, तिथं थांबा. उत्तरं वहीत उतरवा पण नाव लिहू नका, आजार तर नाहीच नाही. वही आधी स्टाफला दाखवा, शांतपणे. कंपाउंडर तोडून बोलतो असं चार जणांनी सांगितलं म्हणून सगळ्यांदेखत झापलं तर पुढच्या वेळी तोच पेशंटला बाहेर बोलू देणार नाही. बरेचदा त्याचीही बाजू असते, एकटा माणूस नंबर, पैसे, ड्रेसिंग सगळं बघतोय.

मग महिन्याला एकच गोष्ट बदलायची, जास्त नाही, आणि ती फळ्यावर लिहायची: गेल्या महिन्यात पेशंट काय म्हणाले आणि आपण काय केलं. जे जमणार नाही ते पण लिहा, रविवारी संध्याकाळी दवाखाना उघडा ठेवता येणार नाही तर का नाही ते. लोक समजून घेतात, गप्प बसलेलं मात्र आवडत नाही.

गूगल रिव्ह्यूचं थोडक्यात. सूट देऊन रिव्ह्यू मागू नका, आणि कुणी वाईट लिहिलं तर उत्तरात "तुमची शुगर वाढलेली म्हणून" वगैरे त्याची माहिती चव्हाट्यावर आणू नका, "फोन करा, बोलू" इतकंच.

काही गोष्टींसाठी तर पेशंटनं सांगायची वाट बघायलाच नको. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत फी दवाखान्यात स्पष्ट लावायला सांगितलंय, आणि पेशंटनं रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासात द्यायचं असतं. खाटा असलेल्या खाजगी हॉस्पिटलला २०२१ च्या महाराष्ट्रातल्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी लावावं लागतं. सरकारी दवाखान्याचं असेल तर रुग्ण कल्याण समिती आहे का, तिची मीटिंग कधी असते ते विचारा, तिथं वहीतले मुद्दे लेखी द्या आणि पोच घ्या.

दोनेक महिन्यांनी तेच प्रश्न परत विचारायचे, शब्द न बदलता, नाहीतर फरक पडला का ते कळणार कसं. गड्ड्याच्या यात्रेतला आठवडा मात्र टाळा, तेव्हा अर्धं गाव होम मैदानावर असतं. मे महिन्यात विचारलं तर सगळी उत्तरं पंखा आणि प्यायचं पाणी यावरच येतील, पण तेवढी सोय उन्हाळा लागायच्या आधीच करून ठेवा, ती विचारायची गोष्टच नाही.