दहावी-बारावीनंतरचे प्रवेश: या चुका टाळा

बारावीचा परीक्षा फॉर्म भरायच्या दिवशी एक वडील मुलीला घेऊन आले. म्हणाले, “सर, हिला नीट द्यायचीय.” मी फॉर्म पाहिला. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि बायफोकलचं (दोनशे गुणांच्या व्यवसाय विषयाचं) कॉम्प्युटर सायन्स. नीट म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, आणि तिला लागणारं जीवशास्त्र कुठेच नाही. अकरावीला कुणीतरी सांगितलं होतं, ‘कॉम्प्युटरला स्कोप आहे, दोनशेपैकी मार्क भरघोस पडतात.’ त्यात खोटं काही नव्हतं. फक्त या विषयाने कोणतं दार लागून जातं, ते सांगायचं राहून गेलं होतं.

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे मे ते ऑगस्ट माझा मुक्काम प्रवेशाच्या टेबलावर. तिथे बसून एक गोष्ट पक्की कळली. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला पुढे काय व्हायचंय ते ठाऊक नसलं तरी फारसं बिघडत नाही. बिघडतं ते कोणता रस्ता कधी बंद होतो हे घरात कुणालाच ठाऊक नसतं तेव्हा. खालच्या बहुतेक चुका त्याच जातीच्या आहेत.

गणित की जीवशास्त्र, हे घाईत ठरवणं

गणित सोडलं की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर तर गेलंच, पण एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) हवाई दल आणि नौदल, मर्चंट नेव्ही, हेही गेलं. एनडीएच्या लष्करी शाखेला कोणत्याही शाखेतली बारावी चालते, पण बाकीच्यांना भौतिक, रसायन आणि गणित लागतं. जीवशास्त्र सोडलं की एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, पशुवैद्यक असं नीटवर चालणारं सगळं गेलं. फार्मसी आणि बीएस्सी ॲग्री मात्र दोन्ही गटांना खुलं असतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

ठरतच नसेल तर अकरावीला दोन्ही विषय घ्या. ओझं होतं, खरं आहे. पण अकरावीच्या पहिल्या एक-दोन महिन्यांत कॉलेज स्तरावर विषय बदलून मिळण्याची शक्यता असते, बारावीला ती नसते.

आणि विषय हुकलाच असेल तर? नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सवलत दिली: बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून पास झालं तरी नीटला बसता येतं. त्या वडिलांना मी हेच सांगितलं. रस्ता आहे, पण वर्षभराचा वळसा घेऊन.

कॉमर्सवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे गणित की एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) असा पेच असतो. सीए फाउंडेशनला बसायला बारावीत गणित असलंच पाहिजे असं नाही, पण त्या परीक्षेत व्यावसायिक गणित आणि संख्याशास्त्राचा एक अख्खा पेपर असतो. ‘गणित नको म्हणून एसपी, आणि पुढे सीए’ असं ठरवणाऱ्या मुलांनी तो पेपर आधी एकदा चाळून बघावा.

टक्क्यांवरून शाखा वाटणं

नव्वदच्या वर सायन्स, सत्तरच्या वर कॉमर्स, उरलेली आर्ट्सला. ही वाटणी अजून चालते. त्यात आपल्या बोर्डाच्या दहावीला ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आहे, म्हणजे सहापैकी चांगल्या पाच विषयांचेच गुण धरले जातात. संस्कृतात ९८, सामाजिक शास्त्रांत ९५, आणि गणित गुपचूप गळालेलं. घरी पेढे वाटले जातात आणि अकरावीच्या पहिल्या चाचणीला तोंड उतरतं. म्हणून टक्केवारी झाका आणि गणित-विज्ञानाचे सुटे गुण बघा. नववीच्या उत्तरपत्रिका सापडल्या तर त्याही काढा, कारण दहावीइतका क्लासचा रेटा त्यांना नसतो.

मुलगा हाताने काम करण्यात रमत असेल तर तंत्रनिकेतनाकडे ‘इंजिनिअरिंगला लागला नाही म्हणून’ अशा नजरेने बघू नका. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि मग थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. आयटीआय केलेल्यालाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा मार्ग आहे. कार्यशाळेतला माणूस म्हणून सांगतो, असं तिरपं चालत आलेल्या मुलांचा हात मशीनवर जास्त बसलेला असतो.

बारावीला दुय्यम मानणं

क्लासवाला सांगतो, ‘कॉलेजला फक्त नाव लावा, बाकी आम्ही बघतो.’ डमी प्रवेशाचा हा धंदा वाढलाय खरा. पण जेईईतून (इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या परीक्षेतून) आयआयटी किंवा एनआयटीत जायचं तर बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५), नाहीतर आपल्या बोर्डात पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. जेईईत चांगला रँक आणि बारावीला ७१, असा मुलगा समोर बसला की काय बोलावं सुचत नाही.

एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, अकरावीच्या अभ्यासक्रमाचा वाटा साधारण २० टक्के असतो. ‘अकरावी म्हणजे आराम’ हे तिथे भोवतं. शिवाय सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. नीट-जेईईची सवय लागलेली मुलं इथेही प्रश्न कोरे सोडून येतात!

पर्सेंटाइलला टक्के समजणं

‘सर, ९२ आहेत, पुण्यात कॉम्प्युटर मिळेल ना?’ हे ९२ म्हणजे तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे ९२ टक्के. एक लाख मुलं बसली असतील तर आठेक हजार तुमच्या पुढे आहेत. नामवंत कॉलेजांच्या मोजक्या जागा भरायला तेवढे पुरून उरतात. म्हणून गेल्या वर्षीचा कटऑफ बघताना फक्त आकडा बघू नका. कोणत्या फेरीतला, कोणत्या प्रवर्गाचा, मुलींच्या जागेचा की सर्वसाधारण, आणि आपल्या विद्यापीठ क्षेत्रातल्या उमेदवाराचा की बाहेरच्या, हे सगळं बघा. कटऑफच्या यादीत हे बारीक अक्षरांच्या संकेतांनी दिलेलं असतं आणि बहुतेक पालक ते ओलांडून पुढे जातात.

पसंतीक्रम ‘काय मिळेल’ या हिशोबाने भरणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मुलांना वाटतं, अवघड कॉलेज वर टाकलं तर खालचं हातचं जाईल. तसं होत नाही. यंत्रणा गुणवत्ता यादीत तुमची पाळी आली की तुमचा पहिला पर्याय तपासते, नाही जमला तर दुसरा, मग तिसरा. वर टाकलेलं न मिळणारं कॉलेज तुमचं काहीही हिरावत नाही. म्हणून क्रम लावायचा तो मनातल्या ओढीने. शक्यतेचा विचार करायचा तो यादी किती लांब ठेवायची हे ठरवताना.

याची दुसरी बाजू मात्र कडक आहे. नको असलेलं काही वर टाकू नका. २०२५-२६ च्या इंजिनिअरिंग प्रवेशांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर जागा आपोआप गोठवली जात होती, म्हणजे तीच घ्यावी लागायची. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही लागला तरी तेच. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशातही पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे जाणं बंधनकारक, नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. ‘मित्राने टाकलं म्हणून मीही पहिलं तेच टाकलं’ असं म्हणत रडवेली झालेली पोरं मी पाहिली आहेत. हे नियम दरवर्षी थोडे हलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका डाउनलोड करून ‘जागावाटप’ हे प्रकरण तरी मुलाने आणि पालकांनी शेजारी बसून वाचावं.

आणखी एक, ऐकायला क्षुल्लक वाटेल असं. फॉर्म नेट कॅफेत भरला जातो आणि मोबाइल नंबर, ईमेल कॅफेवाल्याचा टाकला जातो. मग ओटीपी त्याच्या फोनवर, पासवर्ड त्याच्या वहीत, आणि फेरीची मुदत संपते त्या दिवशी तो भाचीच्या लग्नाला गावी. फॉर्म कुठेही भरा, नंबर घरचाच द्या. पासवर्ड स्वतःच्या डायरीत लिहा आणि कुणा एजंटाला देऊ नका.

जातीचा दाखला आहे म्हणजे झालं, असं समजणं

हा विषय मी अकरावीच्या पहिल्याच पालकसभेत काढतो. लोक कंटाळतात. कंटाळू देत.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाला आरक्षित जागेवर प्रवेश घ्यायचा तर त्याशिवाय जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी लागते. ती वेळेत आली नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात ढकलला जातो, आणि जागेबरोबर फीची सवलतही जाते. अर्ज अकरावीतच, कॉलेजमार्फत करून टाकावा. जून उजाडल्यावर समितीपुढे अर्जांचा ढीग असतो.

पुरावा लागतो तो जुना. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ यांच्या आधीचा. म्हणजे बहुतेक घरांत आजोबा-पणजोबांचा. त्यांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा सापडला तर उत्तम. आजोबा शाळेतच गेले नसतील तर त्यांच्या भावाचा बघा, किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४ शोधा. विदर्भात त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. चुलत्याला, सख्ख्या भावाला किंवा आत्याला व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर अर्धं काम झालं. कागद वडिलांकडचे लागतात. मामाची फाइल घेऊन आलेल्यांना परत पाठवावं लागतं.

अडकतं ते नावात. एका कागदावर ‘मारुती’, दुसऱ्यावर ‘मारोती’. तिसऱ्यावर आडनावाऐवजी गावाचं नाव. ही तफावत अर्ज करतानाच वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात लिहून टाकली तर बरं. त्रुटीचं पत्र आल्यावर धावपळ करायची म्हणजे फेरी हातची गेलीच.

ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) यांना नॉन-क्रीमिलेयरही, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्रही लागतं, आणि ते चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असायला हवं. मुदत संपलेलं, जपून ठेवलेलं, लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र उपयोगाचं नाही. अनुसूचित जाती-जमातींना हे लागत नाही, तरी कुणीतरी त्यांनाही रांगेत उभं करतंच.

मुलींच्या मोफत शिक्षणाबद्दलही अर्धवट माहिती फिरते. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या जागेवरच. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ते लागू नाही, आणि वसतिगृह, खानावळ यांचा खर्च त्यात येत नाही.

फलकावरचं पॅकेज बघून कॉलेज निवडणं

‘४२ लाखांचं पॅकेज’ असं फ्लेक्सवर एका मुलाच्या फोटोसकट लिहिलेलं असतं. उरलेल्या बॅचचं काय? ते शोधायचा एक साधा मार्ग आहे. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांनी भरून दिलेली माहिती त्यांच्या संकेतस्थळावर असते. किती विद्यार्थी पास झाले, किती जणांना नोकरी लागली, आणि मधल्या विद्यार्थ्याचा, म्हणजे मीडियन पगार किती, हे त्यात शाखागटानुसार नव्हे तरी अभ्यासक्रमानुसार सापडतं. फलकावरचा आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवून बघा.

फीसाठी शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेला आकडा ग्राह्य धरा. त्याच्यावर पावतीशिवाय कुणी मागत असेल तर ते डोनेशन, आणि १९८७ च्या राज्य कायद्याने त्यावर बंदी आहे.

परदेशी एमबीबीएसच्या सेमिनारमध्ये चहा-समोसे चांगले असतात. तरी विचारा: शिक्षण किमान ५४ महिन्यांचं आणि इंग्रजीतून आहे का, पुढे तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप आहे का? नसेल तर भारतात परवाना मिळायची अडचण. आणि नीट पात्रता तिथेही लागतेच.

बीबीए, बीसीए, बीएमएसला बारावीच्या टक्क्यांवर सरळ प्रवेश मिळतो, या समजुतीवर २०२४ मध्ये बरीच मुलं गाफील राहिली. हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या) कक्षेत आले आणि त्यांना सीईटी लागली. कॉमर्सच्या मुलांनी डिसेंबरपासूनच सीईटी कक्षाचं संकेतस्थळ बघायला हवं.

चूक होऊन गेलीच असेल तर

दहावीला एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावी मिळते. बारावीला राहिले तर पुरवणी परीक्षा आहे, पण तिचा निकाल लागेपर्यंत मुख्य फेऱ्या उरकत आलेल्या असतात, तेव्हा त्या वर्षीच्या शेवटच्या फेरीच्या तारखेवर लक्ष ठेवा.

नको ती शाखा लागली तर लगेच हताश होऊ नका. पहिल्या वर्षानंतर रिक्त जागांवर शाखा किंवा कॉलेज बदलण्याची संधी बऱ्याच ठिकाणी गुणांवर मिळते. त्यासाठी पहिलं वर्ष बॅकलॉगशिवाय सुटलेलं हवं.

चांगली जागा दुसरीकडे मिळाली आणि आधीचा प्रवेश रद्द करायचाय, तर अंतिम तारखेच्या आत, ऑनलाइन आणि कॉलेजात लेखी, असा दोन्हीकडे करा. मुदतीत रद्द केलेल्या प्रवेशाची फी किरकोळ प्रक्रिया शुल्क कापून परत मिळायला हवी. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला यूजीसीने २०१८ मध्येच मनाई केली आहे, तरी ‘आधी वर्षाची फी भरा, मग दाखला’ असं काउंटरवर ऐकू येतं. तिथे वाद घालत बसू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या, आणि ती प्रत जोडून विद्यापीठाकडे किंवा तंत्रशिक्षणाच्या विभागीय कार्यालयाकडे तक्रार करा.