ऑफिसची मांडणी ठरवताना आधी आवाजाचा विचार करा

नव्या ऑफिसचा नकाशा टेबलावर आला की केबिन कोणाला आणि खिडकीची जागा कोणाला, यावरच चर्चा रंगते. हा विषय शेवटी घ्या. एकांत आणि सहकार्य यांचा मेळ पदांवरून नाही, कामावरून बसतो.

१. आठवडाभर कामाची नोंद करा. प्रत्येकाने रोजचे तास तीन भागांत लिहावेत: एकाग्रतेचं काम, फोन आणि व्हिडिओ कॉल, सहकाऱ्यांशी चर्चा. हिशेब तपासणाऱ्यांना सलग शांतता लागते, विक्रीची माणसं दिवसभर फोनवर असतात, आणि पगार किंवा तक्रारींबद्दल बोलायला मनुष्यबळ विभागाला बंद दार हवंच.

२. कोण कोणाजवळ बसणार ते ठरवा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे थॉमस अॅलन यांनी १९७० च्या दशकात अभियंत्यांच्या संवादाचा अभ्यास केला. टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने कमी होतं आणि साधारण ५० मीटरपलीकडे ते जवळजवळ थांबतं, असं त्यांना आढळलं. रोज एकमेकांची गरज पडणाऱ्या टीम शेजारी ठेवा आणि त्यांना दोन मजल्यांवर विभागू नका.

३. आवाज कुठून कुठे जातो ते पाहा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. भिंती काढल्या की माणसं आपोआप बोलू लागतील, ही समजूत फार पसरली आहे. हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलटंच दिसलं: दोन कंपन्यांनी खुली मांडणी स्वीकारल्यावर समोरासमोरचा संवाद सुमारे ७० टक्क्यांनी घटला आणि ईमेल वाढले. सगळ्यांच्या नजरेसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलणं माणसं टाळतात. म्हणजे थोडा आडोसा दिला तर संवादालाही मदतच होते.

एकाग्रता मोडतो तो मुख्यतः शब्द न् शब्द कळणारा आवाज. एसीची एकसुरी घरघर सवयीची होते. शेजारच्या टेबलावरचं अर्धवट फोनसंभाषण मात्र मन ओढून घेतं. म्हणून आधी छताला आवाज शोषणाऱ्या टाइल्स आणि जमिनीला कार्पेट, मग फोनवाल्या टीमपासून शांत कोपऱ्याचं अंतर. त्या दोघांमध्ये कपाटं किंवा स्टोअररूम आली तर उत्तम. मीटिंग रूमची भिंत फॉल्स सीलिंगपाशी थांबली तर आतलं बोलणं वरून बाहेर येतं, म्हणून ती स्लॅबपर्यंत न्या. काचेने नजरेला मोकळेपणा मिळतो, पण नुसती काच आवाज परतवते. समोरच्या भिंतीवर शोषक पॅनल लावा.

४. एका मोठ्या खोलीऐवजी काही लहान खोल्या करा. वीस जणांच्या बोर्डरूममध्ये दोघंच बसलेले दिसणं नवं नाही. माझं मत स्पष्ट आहे: जागा कमी असेल तर बोर्डरूम लहान करा, पण एकदोघांपुरत्या फोन खोल्यांवर काट मारू नका. त्यांना हवा खेळती राहील अशी सोय मात्र हवी, नाहीतर पंधरा मिनिटांत आत बसवत नाही.

५. पार्टिशनची उंची मोजून घ्या. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतात. पार्टिशन १.४ मीटरच्या आसपास ठेवलं तर बसल्यावर आडोसा मिळतो आणि उभं राहिल्यावर सहकारी दिसतो. कोणाचीही पाठ वर्दळीच्या वाटेकडे येऊ देऊ नका.

६. कायमचं बांधकाम करण्याआधी वापरून पाहा. महिनाभर हलवता येणारी टेबलं आणि पडदे लावून काम चालवा. शांत भागात फोन घ्यायचा नाही, हा नियम व्यवस्थापकांनाही लागू ठेवा. कोणती खोली कधी भरलेली असते, याची नोंद दाराशी ठेवा. लहान खोल्या सतत भरलेल्या आणि मोठी रिकामी दिसली, तर सुताराला बोलावण्याआधी नकाशा बदला.