विंडोज पुसण्याआधी बॅकअप लिनक्समध्ये उघडून पाहा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथला जुना संगणक विंडोज ११ घेईना, कारण त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही. नवा घ्यायचा तर कापसाचे पैसे हाती यायला हवेत. म्हणून विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट टाकलं. ते टाकायला वेळ लागला नाही. वेळ गेला तो लोकांचे अर्ज, ग्रामसभेचे ठराव आणि लग्नपत्रिका सुखरूप पलीकडे नेण्यात.

आधी तुमचा बॅकअप कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. साधे फोल्डर कॉपी केलेले असतील तर अर्धं काम झालंच. विंडोजच्या फाइल हिस्टरी या सोयीने घेतला असेल तर प्रत्येक फाइलच्या नावामागे तारीख-वेळ चिकटलेली दिसेल आणि एकाच ठरावाच्या चार-पाच प्रती असतील. विंडोजच्या जुन्या बॅकअपमध्ये झिप फाइलींचा ढीग असतो. सिस्टिम इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत, असेल तर सगळं एकाच मोठ्या फाइलच्या पोटात. लिनक्सवर हे सोडवता येतं, पण डोकं फिरतं. विंडोज चालू आहे तोवरच तिथे रिस्टोर करून (सिस्टिम इमेज असेल तर ती नुसती उघडून) साधे फोल्डर काढून घ्या. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

डेस्कटॉपवरच्या बाण असलेल्या आयकॉनला फसू नका. तो शॉर्टकट असतो, म्हणजे नुसता पत्ता. तो कॉपी केला तर पत्ताच मिळतो, घर नाही.

आता विंडोज नीट बंद करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्स ती डिस्क नुसती वाचू देतं, कधी उघडतही नाही. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं की काम होतं. बाहेरची डिस्क आधी इजेक्ट करून काढा. तरीही कुरकुर झाली तर डिस्क परत विंडोजला लावून चेक डिस्क चालवा. एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-रचनेची, दुरुस्ती विंडोजलाच नीट जमते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. मिंट टाकण्यासाठी तयार केलेला पेनड्राइव्ह लावून संगणक त्यावरूनच सुरू करा, काहीही इन्स्टॉल न करता. बॅकअपची डिस्क जोडा आणि सर्वांत जुनी, सर्वांत मोठी आणि मराठी नावाची अशा दहा-बारा फाइली उघडा. उघडल्या तरच पुढे जा. आणि इन्स्टॉल करताना ही डिस्क काढून कपाटात ठेवा. ‘पूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय चुकून भलत्या डिस्कवर पडला की संपलं.

मिंट बसल्यावर फाइली होम फोल्डरमध्ये कॉपी करा, कट नाही. आमच्याकडे लाइन कधी जाईल सांगता येत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा मी हे काम पहाटे करतो. तापलेल्या टिनाखाली जुनी हार्ड डिस्क तासन्‌तास फिरवू नये. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि फाइलींची संख्या जुळवा.

माझी फजिती झाली ती फॉन्टमध्ये. सगळं जुळलं म्हणून खूश होतो, तेवढ्यात एक काका म्हणाले, “भाऊ, ह्या ठरावात इंग्रजी काऊन आलं?” ठराव कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. तो युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरपद्धत, नाही. फॉन्ट नसला की अक्षरांऐवजी इंग्रजी कचरा दिसतो. मजकूर मात्र शाबूत असतो. म्हणून विंडोज पुसण्याआधी त्याच्या फॉन्ट्स फोल्डरमधून कृतिदेव, श्रीलिपी जे वापरत असाल ते उचला. मिंटमध्ये होम फोल्डर उघडून कंट्रोल आणि एच दाबा, म्हणजे लपलेले फोल्डर दिसतात. तिथे डॉटने सुरू होणारा, छोट्या इंग्रजी अक्षरांतला ‘फॉन्ट्स’ (.fonts) फोल्डर करा, फॉन्ट त्यात टाका आणि लिब्रेऑफिस (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) बंद करून पुन्हा उघडा. युनिकोडमधला मजकूर या भानगडीशिवाय दिसतो.

हिशेबासाठी टॅली वापरणाऱ्यांनी आधीच विचार करावा. डेटा कॉपी होईल, पण टॅली विंडोजसाठीच आहे. त्यासाठी मी एक जुना लॅपटॉप विंडोजवरच ठेवलाय, इंटरनेट न जोडता. बॅकअपची डिस्क मात्र दुकानात नाही, घरी असते.