कोन फिल्टर बसवला असेल, तर इनटेकची नळी आतून पुसून पाहा
ऊसतोडीच्या हंगामात सांगली परिसरातील कारखान्यांच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे जी बारीक धूळ उडते ती लक्षात घेता, कारचा मूळ एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरची बंद पेटी) काढून उघडा कोन फिल्टर, म्हणजे शंकूच्या आकाराचा हवेचा फिल्टर, बसवण्याची घाई करू नये. असा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो आणि गरम हवा विरळ असल्याने अपेक्षित ताकद बहुधा मिळतच नाही. तरीही तो बसवला असेल, तर काही आठवड्यांनी फिल्टर आणि इंजिन यांच्यामधली नळी सोडवून तिच्या आतून पांढरे सुती फडके फिरवावे. फडक्यावर मातकट थर आला, तर धूळ सिलिंडरपर्यंत पोहोचून पिस्टन रिंगा झिजवत आहे असे समजून मूळ फिल्टर तातडीने परत लावावा. धुऊन वापरायच्या फिल्टरला तेल अगदी बेताने लावावे, कारण जास्तीचे तेल मास एअरफ्लो सेन्सरच्या (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) तारेवर बसून इंधनाचे प्रमाण बिघडवते. सायलेन्सर बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, मात्र काढू नये. आवाजाची किंवा धुराची मर्यादा ओलांडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.