वाकड्या, गाठाळ ओंडक्यांसाठी लाकूड फोडायचं मशीन कसं निवडायचं

बांधावरची बाभूळ, वाऱ्याने पडलेली चिंच, रस्ता रुंदीकरणात तोडलेला कडुलिंब: वखारीत येणारं जळाऊ लाकूड सरळ नसतंच. सरळ खोड इमारतीसाठी नाहीतर खांबांसाठी आधीच विकलं जातं. म्हणून मशीन घेताना 'किती टनाचं?' हा प्रश्न नंतरचा. आधी कापायचं कसं आणि धरायचं कसं ते ठरवा.

त्याच्याही आधी गिऱ्हाईक बघा. अंत्यविधीला साधारण 300 किलो लाकूड लागतं, पण ते तीन-चार फुटी आणि जाड चालतं, फोडायची फारशी गरज पडत नाही. बॉयलरच्या तोंडाचं माप घेऊन त्यापेक्षा अर्धा फूट कमी लांबी धरा. ढाब्याच्या भट्टीला दीड फुटी, मनगटाएवढं फोडलेलं सरपण हवं असतं. ढाब्यांचंच गिऱ्हाईक जास्त असेल तर स्प्लिटर (लाकूड पाचरीवर दाबून फोडणारं मशीन) पैसे फेडतो.

मग ढिगातली नेहमीची पन्नासेक लाकडं मोजा: जाडी किती, दोन वाकणांमध्ये सरळ भाग किती, बेचकी किती. मशीन या नेहमीच्या मालासाठी घ्यायचं, सगळ्यांत मोठ्या चार-दोन बुंध्यांसाठी नाही. 60 सेंटीमीटर जाडीचा, दीड फुटी ओला तुकडा 120 किलोच्या पुढे जातो. तो उचलायच्या भानगडीत न पडता चेनसॉने उभा चिरून चार फाका करा. तुकडा आडवा ठेवून लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच चेनसॉची पट्टी (जिच्याभोवती साखळी फिरते ती) चालवायची. लांबलांब दोऱ्यांसारखा भुसा निघतो, तो क्लचच्या झाकणात तुंबतो. मधूनमधून इंजिन बंद करून काढा.

एका टोकाने ओंडका आत आणि दुसऱ्या टोकाने फोडलेलं सरपण बाहेर, असे 'फायरवुड प्रोसेसर' व्हिडिओत फार देखणे दिसतात. ते फिनलंडसारख्या देशांतल्या स्प्रूस-बर्चच्या सरळसोट खोडांसाठी बनलेले असतात. वाकडी बाभूळ त्याच्या पट्ट्यावर दोन-तीन ठिकाणीच टेकते, रोलरखालून सरकते, लांबीच्या अडणीला नीट भिडत नाही आणि काप तिरका बसतो. आपल्या मालाला हे मशीन नकोच.

तिरका काप हेच बऱ्याच बिघाडांचं मूळ. टोक तिरकं असलं की स्प्लिटरची ढकलपट्टी एकाच कडेला लागते, तुकडा वर उसळतो, सिलिंडरवर बाजूने जोर येतो. आधी सील गळतं, मग रॉड वाकतो. म्हणून पहिला खर्च चांगल्या चेनसॉवर आणि मजबूत घोडीवर (ओंडका कापताना ठेवायच्या स्टँडवर) करा. 50 ते 60 सीसीचं इंजिन, 18 इंची पट्टी, आणि साखळी सेमी-चिझल, म्हणजे गोलसर कोपऱ्याच्या दाताची. धूळ-माती लागलेल्या कडक लाकडात टोकदार फुल-चिझल दात लवकर बोथट होतात. वाकडा ओंडका घोडीवर ठेवताना त्याचं पोट खाली लोंबू द्या, म्हणजे तो गडगडत नाही. वाकण येतं तिथे आणि बेचक्याच्या लगेच खाली काप घ्या. लांबी दोन-चार इंच कमी-जास्त झाली तरी चालेल. चकती करवतीवर वाकडा ओंडका हाताने धरून ढकलू नका: मधेच डोलला की चकती अडकते आणि लाकूड अंगावर येतं. बँड सॉ बसवायचा विचार असेल तर आधी वनखात्याकडे परवान्याची चौकशी करा.

बांधावरच्या झाडात तार आणि खिळे हमखास निघतात. बाभळीत टॅनिन भरपूर, त्यामुळे लोखंडाभोवती निळसर काळा डाग पडतो. कापलेल्या टोकावर असा डाग दिसला तर पुढचा काप एक वीत सोडून घ्या. हातातला छोटा मेटल डिटेक्टर एका साखळीच्या पैशात वसूल होतो.

आता हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारा स्प्लिटर. टनाचा आकडा स्टिकरवरून घेऊ नका, स्वतः काढा. सिलिंडरचा आतला व्यास 4 इंच म्हणजे क्षेत्रफळ 81 चौरस सेंटीमीटर. दाब 175 किलो प्रति चौरस सेंटीमीटर असेल तर जोर होतो सुमारे 14 टन. 5 इंची सिलिंडरला त्याच दाबावर 22 टन. सुबाभूळ आणि ओली निलगिरी 14 टनांत निघते. चिंच आणि वाळलेली गाठाळ बाभूळ असेल तर 22 च घ्या. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर 4 इंची सिलिंडर चालवलात तर दाब 150 च्या आसपास मिळतो, म्हणजे 12 टनच.

पंप दोन टप्प्यांचा हवा: जोर नसताना रॉड वेगाने सरकतो, जोर लागला की हळू पण दाबाने. 175 च्या दाबाला मिनिटाला 20 लिटर तेल ढकलायला 9 एचपी लागते. 10 लिटरवर उतरणारा दोन टप्प्यांचा पंप 5 एचपी थ्री-फेज मोटरवर भागतो.

पाचर एकेरी, उंच आणि धारदार घ्या. एकदम चार फाका करणारी चौफुली पाचर सरळ लाकडात काम पटापट उरकते, पण पिळाच्या निलगिरीत किंवा गाठीत तुकडा फिरवून अडकवते. हवी तर काढता-घालता येणारी घ्या. बेचक्याचा तुकडा एकेरी खोडाच्या बाजूने पाचरीला लावा. गाठ मध्ये असेल तर मधोमध फोडायचा हट्ट नको, कडेकडेच्या ढलप्या काढत आत या. जड बुंधे येत असतील तर उभं-आडवं होणारं मॉडेल बघा, तुकडा जमिनीवरूनच लोटून पाचरीखाली नेता येतो.

फ्लायव्हीलवाला (जड चाकाच्या वेगाने ठोसा देणारा) झटपट स्प्लिटर गाठीत रुतून बसतो. आणि फिरत्या स्क्रूचा, भोवऱ्यासारखा स्प्लिटर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका: वाकडा तुकडा त्याच्यासोबत गरगर फिरतो, हातमोजा, उपरणं, ओढणी काहीही ओढून घेतो.

पैसे देण्याआधी आपलेच दहा-बारा वाईट तुकडे टेम्पोत टाकून विक्रेत्याकडे न्या आणि फोडून बघा. प्रेशर गेज बसवलेलंच असावं. लिव्हर सोडला की ढकलपट्टी (किंवा सरकती पाचर) जागीच थांबली पाहिजे. अर्धा तास सलग चालवून तेलाच्या टाकीला हात लावा. हात टेकवत नसेल तर टाकी लहान आहे, विदर्भातल्या मे महिन्यात ती टिकणार नाही.