मिशनच्या जुन्या अहवालांत प्रकटीकरण कसं शोधावं

सोलापुरातल्या अमेरिकन मराठी मिशनचे अहवाल किंवा त्याच मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे जुने अंक अभ्यासाला घेताय? मग आधी बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, उघडा; त्यातल्या प्रतिमा या लेखनाच्या भाषेत शोधायच्या आहेत. अध्याय २० ते २२ पुरेत. विसाव्यात काळ आहे: सैतान हजार वर्षं बांधलेला आणि ख्रिस्ताचं राज्य. पुढच्या दोनांत जागा आहे: बारा वेशींचं समचौरस नगर, जीवनाच्या पाण्याची नदी, राष्ट्रांच्या आरोग्यासाठी पानं देणारं झाड. काळ आणि जागा वेगवेगळ्या पानांवर टिपा.

मग लिहिणारा ती हजार वर्षं कुठे धरतो, ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याआधी की नंतर, ते पाहा. बहुतेकांची गल्लत इथेच होते. ख्रिस्त हजार वर्षांनंतर येणार असं मानणाऱ्याच्या लेखी ते राज्य माणसांच्या कष्टानं हळूहळू उभं राहायचं असतं. म्हणून शाळा, छापखाना, दवाखाना. हे मिशन चालवणाऱ्या, १८१० साली स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या संस्थेच्या पहिल्या पिढीवर याच विचाराचा पगडा होता. अमेरिकन धर्मशास्त्री सॅम्युएल हॉपकिन्सनं तर १७९३ मध्ये या हजार वर्षांवर प्रबंधच लिहिला होता. ख्रिस्त आधी येणार म्हणणाऱ्याला जग सुधारण्यापेक्षा सुवार्ता पोचवायची घाई. पण नुसतं ‘याच पिढीत’ जगभर सुवार्ता, असं दिसलं म्हणून शिक्का मारू नका. ते मिशनरी होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ‘विद्यार्थी स्वयंसेवक चळवळी’चं घोषवाक्य होतं आणि दोन्ही मतांचे लोक ते म्हणत. खर्च कशावर झाला ते बघा, त्यावरून जास्त कळतं.

घरं बांधणं, मळे लावणं यांचं वर्णन आलं तर प्रकटीकरण बाजूला ठेवा आणि बायबलच्याच जुन्या करारातल्या यशया या पुस्तकाचा अध्याय ६५ काढा. नवं आकाश, नवी पृथ्वी तिथेही आहे, पण तिथली माणसं घरं बांधतात, द्राक्षमळे लावतात. प्रकटीकरणातलं नगर आयतं, स्वर्गातून उतरणारं. मिशनच्या वसाहतींना आयतं नगर परवडणारं नव्हतंच.

जागेचं पान तपासायला सोलापुरातल्या उमेदपूरइतकं चांगलं उदाहरण नाही. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची ही वसाहत मिशनच्या देखरेखीखाली होती. सेटलमेंट म्हटलं की इथल्या लोकांना आजही तारेचं कुंपण आणि हजेरी आठवते. आता प्रकटीकरण २१:२५ वाचा: त्या नगराच्या वेशी दिवसा कधी बंद होत नाहीत, आणि रात्र तिथे नाहीच. दोनच वचनांनंतर २१:२७: अशुद्ध असं काही आत येणार नाही. अहवालात उघडी वेस येते की गाळणी, हे मोजा. दोन्ही येत असतील तर कोणती कुणासाठी, तेही लिहा.

मात्र सेटलमेंट प्रकटीकरणातून जन्मलं, असा निष्कर्ष काढू नका. त्यामागे १८७१ चा आणि नंतर १९११ चा गुन्हेगार जमाती कायदा होता, आणि मजूर हवे असलेल्या गिरण्या होत्या. प्रतिमा कारण म्हणून नाही, भाषा म्हणून शोधायची. ‘नवजीवन’, ‘उद्धार’ असे शब्द ज्या पानावर येतात, त्याच पानावर हजेरीचा उल्लेख आहे का, की तो वेगळ्या तक्त्यात ढकललाय? ढकलला असेल तर तक्त्याचा पान क्रमांकही टिपून ठेवा.