आजी-आजोबांसाठी दालचिनीची नानकटाई

कवळी वापरणाऱ्या किंवा दात हलणाऱ्या माणसाला कडक कुकी देऊ नये. चहात बुडवल्याशिवाय ती खाता येत नाही आणि बुडवली की अर्धी कपातच पडते. त्यांच्यासाठी नानकटाईच करावी, नुसत्या ओठांनी तुटेल अशी.

मैदा 130 ग्रॅम, बेसन 50 ग्रॅम, पिठीसाखर 75 ग्रॅम, साजूक तूप 100 ग्रॅम, दालचिनी पूड दीड छोटा चमचा, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ. एवढ्यात छोट्या तेवीस-चोवीस होतात. एरवी घालतात तो रवा इथे वगळा, त्याचे कण कवळीखाली अडकून टोचतात. पिस्त्याचे कापही नकोत. दालचिनी घरी कुटली असेल तर वस्त्रगाळ करा.

दालचिनी घेताना साल बघा. जाड, कडक, एकेरी वळलेली असते ती कॅसिया. सिलोनची पातळ, कागदासारख्या थरांची असते आणि बोटांनी चुरता येते. कोकणातल्या बागांमधली ‘कोंकण तेज’ ही जातही सिलोनच्याच प्रजातीची. कॅसियात कुमारिन हे नैसर्गिक रसायन बरंच जास्त असतं आणि ते फार पोटात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. कधीतरी खायला कॅसिया चालेल, पण रोज डबा उघडणाऱ्यांसाठी सिलोनचीच घ्या.

आता तूप. नानकटाई बिघडते ती इथेच. ‘तूप पातळ करून पिठात ओता’ असं सर्रास सांगितलं जातं, ते ऐकू नका. पातळ तुपात हवा धरून राहत नाही, मग नानकटाई पसरते आणि चपटी, तेलकट होते. फ्रिजमधलं दगडासारखं तूपही फेटलं जात नाही. तूप थिजलेलं हवं, पण बोट दाबलं की सहज खड्डा पडून तसाच राहील इतकं मऊ. मे महिन्यात मुंबईत ते बाहेर थिजतच नाही. अशा वेळी पातेलं फ्रिजमध्ये ठेवा आणि कडेने पांढरं दिसू लागलं की काढून सगळं ढवळा. थंडीत उलट करा, पातेलं मिनिटभर कोमट पाण्यात धरा.

त्यात पिठीसाखर घालून हाताने सात-आठ मिनिटं फेटा. एकाच दिशेने फेटलं पाहिजे हा नियम निराधार आहे, दिशेने काही फरक पडत नाही. रंग पिवळ्याचा पांढरट व्हायला हवा आणि मिश्रण फुगायला हवं. खात्रीसाठी वाटीभर गार पाण्यात त्याचा थेंब टाका. तरंगला तर झालं, बुडला तर आणखी फेटा. ही परीक्षा साखर घातल्यावरच करायची, कारण नुसतं तूप न फेटताही तरंगतं.

मैदा, बेसन, दालचिनी, बेकिंग पावडर आणि मीठ दोनदा चाळून त्यात घाला आणि बोटांच्या टोकांनी गोळा करा. कणकेसारखं मळू नका. पाणी किंवा दूध तर मुळीच घालू नका, ओलाव्याने मैद्याला चिकटपणा येतो आणि नानकटाई कडक होते. गोळा जमत नसेल तर चमचाभर तूप वाढवा. हाताला चिकटत असेल तर पीठ न वाढवता वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

सुपारीहून थोडे मोठे, साधारण 15 ग्रॅमचे गोळे अलगद दाबून अंतर ठेवून मांडा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 160 अंशांवर 18 ते 20 मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या झाकलेल्या कढईत स्टँडवर, मंद आचेवर, सुमारे 25 मिनिटं.

दालचिनीमुळे पीठ आधीच तपकिरी असतं, म्हणून वरचा रंग बघत बसू नका. तळ फिका सोनेरी झाला की बाहेर काढा. तेव्हा ती मऊच लागेल. कडक होईपर्यंत आत ठेवली तर गार झाल्यावर दाताला लागते. ताटातच दहा मिनिटं राहू द्या, गरम उचलली तर मोडते.

मधुमेह असेल तर ‘दालचिनी साखर उतरवते’ या भरवशावर चार-चार देऊ नका, यात साखर आणि मैदा दोन्ही आहेत. साखरेऐवजी गूळ घातला तरी रक्तातली साखर वाढतेच, शिवाय गुळाच्या ओलाव्याने खुसखुशीतपणा जातो. किती खायची ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात भरा, पंधरा दिवस टिकते. डबा मात्र असा निवडा, की ज्याचं झाकण सांधे दुखणाऱ्या बोटांनाही उघडेल.